उर्फ लावण्याआधी

आपल्या होस्टेलमध्ये एक तरी मुलगा असा दाखवा की ज्याला एकच नाव आहे. हॉल तिकिटावर एक, घरी दुसरं, मेसमध्ये तिसरं आणि फर्स्ट इयरला मित्रांनी बहाल केलेलं चौथं. कुरिअरवाला खऱ्या नावाने विचारत आला तर अर्धी विंग सांगते, "असा कोणी नाही इथं." टोपणनावाने विचारलं तर झोपेतला माणूसही रूम नंबर सांगतो. लेडीज होस्टेलमध्येही काही वेगळं चित्र नसावं. गंमत अशी की चार नावं असली म्हणून मुलगा काही चार होत नाही. मेसचं बिल एकालाच येतं आणि केटी लागली तर तीही एकालाच.

वागताना आपल्याला ही गोष्ट इतकी साधी वाटते. लॅबमध्ये कॉम्प्युटरसमोर बसलो की मात्र तीच कळेनाशी होते. पायथन, पर्ल, पीएचपी यांसारख्या स्क्रिप्टिंग भाषांत एका व्हेरिएबलला दुसरं नाव देणं, म्हणजे 'एलियस' करणं, हा विषय आपल्याकडे अर्ध्या तासात उरकला जातो. सिलॅबसमध्ये त्याला वेगळा मुद्दा नसतो, व्हायवाला कोणी विचारत नाही, आणि म्हणून आपणही वाचत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रोग्रॅमिंगमध्ये ज्या चार-पाच गोष्टी खरोखर समजून घ्यायला हव्यात, त्यात ही एक आहे. आणि ती समजायला परदेशी पुस्तकातली उदाहरणं लागत नाहीत, आपल्या वऱ्हाडात ती पावलोपावली पडली आहेत.

मराठीत एलियससाठी फार छान शब्द आहे : उर्फ. लग्नपत्रिकेवर असतो, सातबाऱ्यावर असतो, कोर्टाच्या नोटिशीत असतो. हा शब्द एवढंच सांगतो की नावं दोन असली तरी माणूस एक आहे, गोंधळ करू नका.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याने निघालं की मोझरी लागते. तिथलं गुरुकुंज कुणाला माहीत नाही? ३० एप्रिल १९०९ रोजी यावली गावी बंडोजी आणि मंजुळाबाई यांच्या पोटी जन्मलेल्या मुलाचं नाव होतं माणिक. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी, म्हणजे त्याच्या गुरूंनी, त्याला 'तुकड्या' म्हटलं. लोकांनी त्याचं तुकडोजी महाराज केलं. डॉ. राजेंद्र प्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. म्हणजे माणिक उर्फ तुकड्या उर्फ तुकडोजी महाराज उर्फ राष्ट्रसंत. १९३५ मध्ये मोझरीला आश्रम काढला तो कोणी? १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेला तो कोणी? ग्रामगीतेचे ४१ अध्याय लिहिले ते कोणी? यातलं कुठलंही नाव घ्या, उत्तर बरोबरच येईल. 'तुकडोजी महाराज' तुरुंगात गेले आणि 'माणिक' बाहेर राहिला, असं होऊ शकत नाही. महाराजांना व्हेरिएबल केलं म्हणून कुणी रागावू नये. उलट ज्याला हे उदाहरण कळलं त्याला एलियस कळला, कारण त्यात याहून जास्त काही नाही.

मग पोरं अडकतात कुठे? ती अडकतात पहिल्या सेमिस्टरला शिकलेल्या डब्यात. सी शिकवताना सांगतात की व्हेरिएबल म्हणजे एक डबा, त्यावर नाव लिहिलेलं, आत किंमत ठेवायची. सी पुरतं हे ठीक आहे. तिथे खरोखरच मेमरीत एक जागा त्या नावाने राखून ठेवतात, आणि 'ब = अ' म्हटलं की अ मधली किंमत ब च्या डब्यात उतरवली जाते. डबे दोनच राहतात. पण पायथनमध्ये नाव म्हणजे डबा नव्हे. तिथे वस्तू वेगळी असते आणि नाव म्हणजे त्या वस्तूला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी असते. एका वस्तूला कितीही चिठ्ठ्या बांधा, वस्तू एकच. सी चा डबा डोक्यात घेऊन जो पायथनमध्ये शिरतो, त्याला पुढचा प्रकार चमत्कारिक वाटतो :

गावं = ["मोझरी", "तिवसा"]
आमची = गावं
आमची += ["यावली"]

आता 'गावं' विचारा. उत्तर येईल : ['मोझरी', 'तिवसा', 'यावली'].

ज्युनियर्सच्या प्रॅक्टिकलला बसलं की हा प्रश्न हमखास येतो. "भाऊ, म्या त 'आमची'ले हात लावला होता, मग 'गावं' काऊन बदललं?" अरे बाबा, 'गावं' आणि 'आमची' ही दोन गावठाणं नाहीत. दुसऱ्या ओळीत तू यादीची नक्कल केलीच नाहीस, फक्त उर्फ लावलास. माणिकला जेवू घातलं तर तुकड्याचं पोट भरणारच.

इथपर्यंत पटलं, की लगेच दुसरा धक्का बसतो :

गाव = "मोझरी"
पत्ता = गाव
पत्ता += ", ता. तिवसा"

आता 'गाव' विचारलं तर उत्तर येतं 'मोझरी'. जसंच्या तसं! पोरगं म्हणतं, "हे त पायथनची दादागिरी झाली. वर बदललं, इथं नाही बदललं." दादागिरी नाही, फरक वस्तूच्या स्वभावात आहे. यादी ही बदलता येणारी वस्तू आहे, तिच्यात भर घालता येते. म्हणून '+=' ने तीच यादी लांबते आणि दोन्ही नावांना ती लांबलेली दिसते. अक्षरांची ओळ, म्हणजे स्ट्रिंग, ही न बदलणारी वस्तू आहे. तिच्यात भर घालताच येत नाही. म्हणून तिथे '+=' नवीन ओळ तयार करतो आणि 'पत्ता' ही चिठ्ठी जुन्या वस्तूवरून सोडून नव्या वस्तूला बांधतो. 'गाव' ही चिठ्ठी जिथे होती तिथेच राहते. म्हणजे पहिल्या उदाहरणात वस्तू बदलली, दुसऱ्यात चिठ्ठी हलली. एलियसचा सगळा अभ्यास या एका वाक्यात आहे. यादीच्या बाबतीतही 'आमची += ...' ऐवजी 'आमची = आमची + ["वरखेड"]' असं लिहिलं तर नवी यादी तयार होते, 'आमची' तिच्याकडे जाते आणि 'गावं' सुरक्षित राहते. दिसायला दोन्ही ओळी सारख्या, करणी वेगळी. पेपरात हा प्रश्न आला तर पाच मार्क, नोकरीत आला तर रात्रभर जागरण.

नक्कल हवी असेल तर तसं स्पष्ट सांगावं लागतं :

नक्कल = गावं[:]

या दोन कंसांत आणि मधल्या दोन टिंबांत फार मोठा अर्थ आहे. पण यालाही एक मर्यादा आहे, ती होस्टेलच्या भाषेत सांगतो.

खोली = ["राम", "श्याम"]
विंग = [खोली]
नक्कल = विंग[:]
खोली += ["पाहुणा"]

आता 'नक्कल' उघडून पाहा. रामश्यामच्या खोलीतला बिनभाड्याचा पाहुणा तिथेही हजर! कारण आपण नक्कल केली ती विंगच्या यादीची, खोल्यांची नाही. हे म्हणजे रेक्टरच्या रजिस्टरची झेरॉक्स काढण्यासारखं आहे. कागद दोन झाले, पण दोन्ही कागदांवरचा रूम नंबर एकाच खोलीकडे नेतो. खोलीत कोणी घुसलं तर ते दोन्ही कागदांना लागू. खोल्यांसकट नक्कल हवी तर पायथनमध्ये 'डीपकॉपी' नावाची वेगळी सोय आहे. ती कधी लागते हे ज्याला कळतं, त्याला मी प्रोग्रॅमर म्हणेन, मग त्याची सीजीपीए काही का असेना.

पीएचपीमध्ये उलटी तऱ्हा. तिथे याद्यांचीही साध्या '=' ने नक्कलच होते, आणि उर्फ हवा असेल तर मुद्दाम मागावा लागतो :

$तुकड्या = &$माणिक;

हे '&' चिन्ह म्हणजे पीएचपीचा 'उर्फ' शब्द. सोय चांगली आहे, पण तिने केलेला एक घोटाळा जगभर प्रसिद्ध आहे. समजा मेसच्या नाश्त्याची यादी आहे : पोहे, उपमा, इडली. 'फॉरईच' लूपमध्ये प्रत्येक पदार्थाला '$नग' हा उर्फ लावून तुम्ही काहीतरी केलं. लूप संपला, पण उर्फ संपला नाही. '$नग' हे अजूनही शेवटच्या पदार्थाचं, म्हणजे इडलीचं, दुसरं नाव आहे. नंतर तुम्ही नुसतं वाचायला म्हणून त्याच '$नग' ने दुसरा साधा लूप फिरवला. पहिल्या फेरीत '$नग' मध्ये पोहे आले, म्हणजे इडलीच्या जागी पोहे बसले. दुसऱ्या फेरीत तिथे उपमा बसला. तिसऱ्या फेरीत तो उपमा स्वतःवरच उतरला. निकाल : पोहे, उपमा, उपमा. इडली गायब. मेसच्या आचाऱ्यावर संशय घेऊ नका, तो या वेळी निर्दोष आहे. लूपनंतर '$नग' ला 'अनसेट' करून उर्फ मोडायचा राहिला, एवढंच.

पर्लमध्ये तर एलियस पदोपदी आहे. लूपमधलं नाव हे यादीतल्या नगाचंच दुसरं नाव असतं, फंक्शनला पाठवलेल्या गोष्टीही आत उर्फानेच पोचतात. बॅशसारख्या शेलमध्ये २०१४ साली आलेल्या ४.३ आवृत्तीपासून 'नेमरेफ' मिळाला, म्हणजे एका व्हेरिएबलला दुसऱ्याचं नाव सांगून ठेवायचं. रुबीत जागतिक व्हेरिएबलना एलियस करायला 'एलियस' असाच शब्द आहे. थोडक्यात, ज्याला त्याला उर्फ हवाच आहे.

आता माझ्या मताकडे येतो. उर्फ लावता येतो म्हणून तो लावत सुटू नये. त्याला कारण हवं, आणि माझ्या मते योग्य कारणं तीनच आहेत.

पहिलं, अवघड नावाला कळेल असं नाव देणं. पर्लमध्ये '$!', '$0', '$_' असली चिन्हांची व्हेरिएबल असतात. नवख्या माणसाला ती शिव्यांसारखी दिसतात. म्हणून पर्लमध्येच 'इंग्लिश' नावाचं एक मॉड्यूल दिलं आहे, जे या प्रत्येक चिन्हाला वाचता येईल असं नाव लावून देतं. हेतू उत्तम. पण त्याचीही किंमत होती. पूर्वी हे मॉड्यूल सरसकट वापरलं की काही खास चिन्हांचा उल्लेख आपोआप व्हायचा आणि त्यामुळे प्रोग्रॅममधला सगळाच मजकूर-शोध मंदावायचा. २०१४ च्या ५.२० आवृत्तीत तो त्रास निघाला. तोवर लोकांना वाटायचं, नुसतं नाव तर दिलं, त्यात काय जातं? जातं, कधी कधी बरंच जातं.

दुसरं, थोड्या जागेत हात मोकळा राहावा म्हणून. 'नंपाय' ला आपण सगळेच 'एनपी' म्हणतो. हा उर्फ फाईलच्या माथ्यावर एकदा लिहिलेला असतो, जगभर तोच चालतो, त्यामुळे कुणाचा गोंधळ होत नाही. पण स्वतःच्या पाच व्हेरिएबलना आळसापोटी 'क', 'ख', 'ग' असे उर्फ लावणं म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याचा, आणि महिन्याभराने स्वतःचाही, छळ आहे.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव बदलतानाचा मधला काळ सांभाळणं. २००५ साली नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव दिलं गेलं. १९२३ पासून 'नागपूर विद्यापीठ' या नावाने दिलेल्या पदव्या काय रद्द झाल्या? नाही. जुनं नाव नव्या नावाचा उर्फ म्हणून चालत राहिलं. कुणाच्या आजोबांची १९५० सालची बी.ए. ची पदवी आजही पदवीच आहे. नागपूर विद्यापीठातून फुटून १९८३ मध्ये झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठाचंही तसंच, ते आता संत गाडगेबाबांच्या नावाने आहे. (गाडगेबाबा हेही उर्फच. शेणगावचे डेबूजी झिंगराजी जानोरकर, जवळ बाळगलेल्या गाडग्यावरून गाडगेबाबा झाले आणि तेच नाव उरलं.) मुंबईचं सरकारी नाव १९९५ मध्ये बदललं, पण नागपूर खंडपीठाच्या पाटीवर अजून 'बॉम्बे हायकोर्ट' आहे आणि पवईची आयआयटी अजून 'बॉम्बे' आहे. नाव बदलणं हे माणसांच्या बाबतीत हळूहळूच करावं लागतं. प्रोग्रॅमच्या बाबतीतही तेच.

हे न पाळल्यावर काय होतं ते आपल्यातल्या बऱ्याच जणांनी प्रोजेक्टच्या वेळी भोगलं असेल. नंपायमध्ये 'एनपी.इंट' असं एक नाव होतं. लोकांना वाटायचं की हा नंपायचा स्वतःचा खास पूर्णांक आहे. प्रत्यक्षात तो पायथनच्या साध्या 'इंट' चा नुसता उर्फ होता. उर्फामुळेच गैरसमज होतोय हे पाहून नंपायवाल्यांनी जानेवारी २०२१ च्या १.२० आवृत्तीत इशारा द्यायला सुरुवात केली आणि डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये नाव काढून टाकलं. मधे जवळजवळ दोन वर्षं होती. इशारा कोण वाचतो? सिनियरकडून पेनड्राईव्हवर आलेला प्रोजेक्ट नव्या नंपायवर चालवला की लाल अक्षरं येतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री विंगभर धावाधाव होते. 'एनपी.बूल' ची कथा तर आणखी मजेशीर. ते नावही तेव्हाच गेलं, आणि २०२४ च्या २.० आवृत्तीत परत आलं, पण या वेळी पायथनच्या 'बूल' साठी नाही, नंपायच्या स्वतःच्या प्रकारासाठी. म्हणजे चिठ्ठी तीच, पण बांधली वेगळ्याच वस्तूला! म्हणून सांगतो, नाव ओळखीचं दिसलं म्हणजे वस्तूही ओळखीची असेल असं धरून चालू नका.

इथेच या विषयाची दुसरी आणि जास्त गंभीर बाजू सुरू होते. पायथनमध्ये दोन प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. '==' विचारतो, "या दोन गोष्टी सारख्या आहेत का?" 'इज' विचारतो, "या दोन गोष्टी म्हणजे एकच गोष्ट आहे का?" आपण हे दोन प्रश्न सर्रास एकमेकांत मिसळतो. तुकाराम महाराज आणि तुकडोजी महाराज यांची नावं सारखी वाटतात म्हणून परप्रांतातले मित्र दोघांना एकच समजतात. एक सतराव्या शतकातले देहूचे, एक विसाव्या शतकातले आपल्याकडचे. नाव जवळ, माणूस वेगळा. बोलताना लोक मोझरी आणि गुरुकुंज ही नावं एकाच ठिकाणासाठी वापरतात. पण मोझरी हे जुनं गाव आहे आणि गुरुकुंज हा तिथे उभा राहिलेला आश्रम आहे. पत्ता सांगायला उर्फ चालेल, पण गावचा हिशोब आणि आश्रमाचा हिशोब एका वहीत लिहिला तर चालेल का?

आता याच प्रश्नाचं होस्टेलमधलं रूप पाहा. कुणाच्या टीसीवर वडिलांचं नाव पूर्ण, आधारवर आखूड, बँकेच्या पासबुकात इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आपल्या तालुक्याचंच बघा ना, आपण तिवसा म्हणतो, इंग्रजी नकाशात ते 'टिओसा' वाचावं असं लिहिलेलं सापडतं. माणसाला हे कळतं. कारकुनाच्या टेबलावर पूर्वी हा प्रश्न आला की तो चष्म्यावरून बघून म्हणायचा, "तूच ना रे हा? हो ना? मग ठीक." प्रोग्रॅमला चष्मा नाही. तो अक्षराला अक्षर लावून पाहतो, एक वेलांटी इकडची तिकडे झाली की म्हणतो, दोन वेगळी माणसं. मग स्कॉलरशिप अडकते, मुलगा वा मुलगी प्रतिज्ञापत्र करायला तहसीलच्या चकरा मारते, राजपत्रात नाव छापून आणते. शेतकऱ्याच्या पोराचं एक सेमिस्टर फीच्या चिंतेत जातं, ते एवढ्यासाठी की कुठल्यातरी प्रोग्रॅममध्ये 'उर्फ' साठी रकाना ठेवलेला नव्हता. सातबारा लिहिणाऱ्या तलाठ्याला जे सुचलं, ते इंजिनियरला सुचू नये?

ही यंत्रं कोण बनवतं? आपणच. आज इथे जर्नल उतरवून काढणारे आपणच चार वर्षांनी पुण्या-बंगलोरला बसून अशाच सिस्टिम लिहिणार आहोत. म्हणून एलियस हा मला फक्त पाच मार्कांचा प्रश्न वाटत नाही. एका माणसाची दोन नावं असू शकतात, आणि एका नावाची दोन माणसं असू शकतात, ही जाणीव ज्याच्या हाडात भिनली आहे तोच इंजिनियर माणसांची नोंद नीट ठेवेल. तो नावाला ओळख समजणार नाही. ओळखीसाठी वेगळा क्रमांक ठेवेल आणि नावं त्याला चिठ्ठ्यांसारखी बांधेल, हवी तितकी.

आणखी एक गोष्ट. वरचा पायथनचा कोड मी तुमची गंमत करायला मराठीत लिहिला असं वाटलं असेल. तो चालतो. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हापासून व्हेरिएबलची नावं देवनागरीत ठेवता येतात. पीएचपीतही ठेवता येतात. पायथनच्या 'प्रिंट' ला एका ओळीत 'दाखव' हा उर्फ लावून पाहा, लगेच चालेल. मात्र 'इफ', 'फॉर', 'व्हाईल' यांना उर्फ लावता येत नाही, कारण ती नावं नाहीत, भाषेचं व्याकरण आहे. एक अडचण सांगून ठेवतो : 'दुसऱ्या' मधला जो अर्धा ऱ आहे, तो काही कीबोर्डवर न दिसणारं एक जोडचिन्ह घालून उमटतो. ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही, ऱ साठी असलेलं वेगळं अक्षर वापरलं तर चालतं. डोळ्यांना दोन्ही नावं एकच दिसतात, मशीनला नाही. पुन्हा तोच प्रश्न आला की नाही?

मराठी माध्यमातून आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलांना सरावाच्या प्रोग्रॅममध्ये मराठी नावं वापरू द्यावीत असं माझं मत आहे. सरांना विनंती आहे की याला पोरखेळ समजू नये. 'टेम्प' आणि 'एक्स' पेक्षा 'शिल्लक' आणि 'उधारी' ही नावं वाचून त्या मुलाला काय चाललंय ते जास्त कळतं. दहा जणांच्या टीममध्ये काम करताना सगळ्यांना समजतील अशी नावं ठेवावी लागतात, हे मान्य. पण आधी समजू तर द्या. भाषा बदलली की नाव बदलतं, वस्तू बदलत नाही, हाच तर एलियसचा पहिला धडा आहे. तो याहून सोप्या रीतीने शिकवता येणार नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे. काही जण म्हणतात, एलियस ही डोकेदुखी आहे, सरळ सगळीकडे नक्कल करा, प्रश्न मिटला. मला हे पटत नाही. लाख ओळींची यादी प्रत्येक वेळी नक्कल केली तर मेमरी आणि वेळ दोन्ही जातं. आणि त्याहून वाईट म्हणजे नक्कल केली की दोन सत्यं तयार होतात. मेसच्या सेक्रेटरीकडे एक यादी, मॅनेजरकडे दुसरी, महिनाअखेर दोघांचं भांडण. एकच वही असावी आणि दोघांनी तीच उघडावी, हेच बरं असतं. फक्त वही एकच आहे हे दोघांना ठाऊक हवं. एलियसमुळे बिघाड होत नाही, तो लपून राहिला की होतो.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या प्रॅक्टिकलला दोन नावांमध्ये '=' लिहिताना हात एक क्षण थांबवा. स्वतःला विचारा : मी नक्कल करतोय की उर्फ लावतोय? ही वस्तू बदलणारी आहे की न बदलणारी? आणखी कोण कोण हिला दुसऱ्या नावाने ओळखतं? उर्फ लावायचाच असेल तर एका ठिकाणी, सगळ्यांना दिसेल असा, कारण लिहून लावा, आणि काम झालं की मोडा. एवढं केलंत तर तुमचा प्रोग्रॅम चालेलच, आणि उद्या तुम्ही बनवलेल्या फॉर्ममध्ये एखाद्या तिवशाच्या पोरीचं नाव अडकणार नाही.